पूर्वेकडची तुटक रेघ

९ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानेच रचता, म्हणून कागदच बरा. मागे मी "बढती झाली" म्हटलं तेव्हा तुम्ही "सर्दी झाली" ऐकलंत आणि अर्धा तास वाफारा कसा घ्यायचा ते समजावत बसलात.

तर कामाचं. शहराचा आराखडा नव्याने होतोय. पुढची वीस वर्षं कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने आणि कुठे नुसतं गवत, ते नकाशात रंग भरून ठरवायचं. पिवळा म्हणजे घरं. काल उत्तर भागाचे जुने नकाशे चाळताना एका पानाच्या कोपऱ्यात तुमची सही दिसली! एकोणचाळीस वर्षांपूर्वीची, शेपटीला तोच झोकदार फटकारा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ओढून आणलं आणि म्हटलं, "हे माझे मामा."

त्या पानावर दगडखाण आहे. पुढे ती बुजवली. आज तिथे सपाट माळ आहे, खाण होती म्हणून सांगितलं तरी पटत नाही. तुम्ही तिची तीन बाजूंची कड सलग रेघेने काढलीय, पूर्वेची मात्र तुटक. संगणकावर नकाशे चढवणाऱ्यांना वाटलं शाई उडाली असेल. त्यांनी चारही बाजू सलग करून टाकल्या. मामा, ती तुटक का होती? आणि रेघ चुकली असली तर कितीने?

हे विचारायला कारण आहे. रेघेच्या पूर्वेला पक्की जमीन असेल तर तिथे पिवळा भरायचाय. गोदामांमध्ये पत्र्याच्या आडोशाने राहणारी बहात्तर कुटुंबं नऊ वर्षं घरांची वाट बघताहेत. खात्री नसेल तर मी पन्नास मीटरचा पट्टा तिरक्या रेघांनी भरून "येथे खात्री नाही" लिहीन, आणि जमीन तपासेपर्यंत त्या पट्ट्यात काही ठरवायचं नाही. आमच्या साहेबांना या तिरक्या रेघांचा तिटकारा आहे. म्हणतात, "नकाशा आहे की झेब्र्याची कातडी?"

लवकर कळवा. मामीला नमस्कार.

तुमची,
खारूताई


२० जानेवारी

चि. खारूताई, तुला आणि तुझ्या झेब्र्याला आशीर्वाद,

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. "ऐकलंस का, मोजणी खात्याला अजून माझी गरज लागते." ती म्हणाली, "खात्याला नाही, भाचीला." असो.

ती खाण मला विसरणं शक्य नाही. मे महिना, डोक्यावर टोपी, हातात मोजणीची साखळी, आणि सोबतीला आमचा लंबू. काठी धरायला त्याला ठेवला होता, पण तोच काठीपेक्षा उंच. चार दिवस काम चाललं. पूर्वेच्या अंगाला तेव्हाच मलबा आणून टाकायला सुरुवात झाली होती. गाड्यांवर गाड्या, विटांचे तुकडे, चिंध्या, आणि धूळ अशी की लंबू साखळी टाकून शिंकतच बसला. शेवटी चौकीदाराच्या खोलीत जाऊन पाणी प्यालो. मोठा बोलका माणूस. वीस वर्षं तिथे काढलेली, खाणीचा कोपरा न् कोपरा त्याला तोंडपाठ. अशी माणसं आता मिळत नाहीत.

तुटक रेघेचं म्हणशील तर त्या काळी तशी रीत होती. जिथे काम चालू असेल तिथे तुटक. त्यात एवढं काही नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या रेघेवर कुणी बोट ठेवलेलं नाही. तू बिनघोर सलग कर, आणि बहात्तर घरांना म्हणावं, आमच्या मामाकडून भेट.

तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. त्यांनाही झेब्रा आवडत नाही म्हणजे माणूस बरा असावा.

तुझा,
मामा

(खारू, बाजूला जागा होती म्हणून दोन ओळी लिहिते. हे पत्र यांनी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलंय. तुझ्या पत्राचा किती आनंद झालाय बघ. — मामी)


३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

लंबूच्या शिंकांनी आमचं अख्खं दालन हसलं. मामीला सांगा, तीन फाडलेली पत्रंही पाठवली असतीत तरी मी वाचली असती.

काम झालं. तिरक्या रेघा काढून टाकल्या. प्रत्येक रेघेपुढे एक रकाना असतो, माहिती किती भरवशाची: कमी, मध्यम, जास्त. तुमच्या रेघेपुढे "जास्त" लिहिलं आणि आधार म्हणून तुमचं पत्र फायलीला लावलं. घरचं पत्र फायलीत गेलेलं पहिल्यांदाच पाहिलं. साहेबांनी वाचून मान डोलावली, म्हणाले, "वा, प्रत्यक्ष मोजणाऱ्याचाच शब्द."

जमीन तपासायला तीन ठिकाणी भोकं पाडायची होती, तेही उरकलंय. पूर्वेला पिवळा भरला. छान दिसतोय.

तुमची,
खारूताई


११ नोव्हेंबर

चि. खारूताई,

वर्ष उलटून गेलं, तुझं पत्र नाही. वर्तमानपत्रात वाचलं की त्या माळालगत तीन इमारती उभ्या राहताहेत, चार-चार मजली. फोटोही होता. मामीने कापून ठेवलाय.

सहज एक विचारतो. खाणीच्या पूर्वेच्या कडेला जी तिसरी इमारत आहे, तिचा पाया किती खोल नेला? तिथल्या इंजिनिअरला एकदा विचारून ठेवशील का? मला काही शंका आहे असं नाही. म्हातारपणी नसत्या उचापती सुचतात, त्यातली समज. पण विचार.

तुझा,
मामा


२५ नोव्हेंबर

मामा,

घाईत लिहितेय, पुढच्या आठवड्यात चाव्या द्यायच्यात. पायाचं इंजिनिअर बघतात, त्यांचं ते खातं आहे. तुम्ही आता निवृत्त झालात, बागेला पाणी घाला आणि दुपारी निवांत झोपा. त्या इमारती तुमच्या जिवावर उभ्या आहेत, काळजी कसली?

खारूताई


१७ जुलै

मामा,

तुम्ही वर्तमानपत्र वाचता, म्हणजे तुम्हाला कळलंच असेल. तरी मी सांगते, कारण छापलेलं सगळं खरं नाही.

तिसरी इमारत खाणीकडच्या कोपऱ्यात खचली. जूनच्या शेवटी पाण्याची मोठी नळी फुटली आणि दोन दिवस पाणी जमिनीत मुरत राहिलं. आधी दारं अडकायला लागली. लोकांनी सुताराला बोलावलं, त्याने दारं तासून दिली. दहा दिवसांपूर्वी सकाळी, माणसं कामाला निघायच्या वेळेला, जिन्याजवळच्या भिंतीत हात जाईल एवढी फट पडली. चोवीस कुटुंबं मिळेल ते उचलून बाहेर पडली. सगळी सुटली असती. दुसऱ्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्या शिलाई मशीन आणायला परत वर गेल्या, आणि उतरताना जिन्याची शेवटची पायरी त्यांच्या खालून निघाली. कंबरेचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात पुन्हा चालतील, पण मशीनचं पायडल मारता येणार नाही.

बाकीचे लोक शाळेच्या वर्गात आहेत. मी काल गेले होते. कुणी माझ्यावर ओरडलं नाही, कारण मी कोण हे कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

कोपऱ्याखाली खोदून पाहिलं. विटांचे तुकडे, चिंध्या, राख. खाणीची खरी कड तुमच्या रेघेच्या चाळीस मीटर पूर्वेला निघाली. नकाशावर आठ मिलिमीटर, मामा. करंगळीच्या नखाएवढं.

आता चौकशी लागलीय. फाईल मागवलीय आणि त्यात तुमचं पत्र आहे. मी ते पुन्हा वाचलं. "पूर्वेच्या अंगाला तेव्हाच मलबा आणून टाकायला सुरुवात झाली होती." हे वाक्य तेव्हाही तिथेच होतं. मी शिंकांना हसत पुढे गेले. मामीने लिहिलेल्या दोन ओळींवरूनही तशीच गेले.

मला एकच सांगा आणि यावेळी गंमत करू नका. पूर्वेची कड तुम्ही मोजली होती का?

खारू


२४ जुलै

चि. खारू,

नव्हती.

तीन बाजू मोजल्या. चौथ्या दिवशी पूर्वेला गेलो तर कडेवर मलब्याचे ढीग. कड कुठे संपते आणि भराव कुठे सुरू होतो, दिसेना. लंबूला खोकल्याची उबळ आली होती आणि दुसऱ्या दिवशी नकाशा द्यायचा होता. चौकीदार खोलीच्या दारात उभा होता. त्याला विचारलं, "कड कुठवर होती हो?" त्याने हात लांब करून म्हटलं, "ती काय, तिथवर." त्याचा हात होता त्या दिशेला मी चाललो, पावलं मोजली, आणि रेघ ओढली. पण तुटक ओढली. म्हणजे पुढे जो कुणी हे पान उघडेल त्याला कळावं की इथे माणसाने अंदाज केलाय. आमच्या तेव्हाच्या साहेबांनीही विचारलं होतं, आणि मी सरळ सांगितलं होतं, "मोजलेली नाही."

तेव्हा मी सत्ताविसाचा होतो आणि खरं बोलायला लाजलो नाही. खोटं बोललो ते एकोणचाळीस वर्षांनी, तुला लिहिताना.

का, ते तीन वेळा फाडलेल्या पत्रांना विचारायला हवं. पहिल्यात सगळं होतं, चौकीदाराच्या हातासकट. वाचून पाहिलं आणि वाटलं, नोकरी सुटल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. भाचीने सगळ्या कचेरीसमोर "हे माझे मामा" म्हटलं, आणि तिला मी लिहू की तुझ्या मामाने हाताच्या इशाऱ्यावर नकाशा काढला? दुसऱ्यात थोडं कमी केलं. तिसऱ्यात आणखी. चौथ्यात नुसत्या शिंका उरल्या. मनाची समजूत काढली की मलब्याचं लिहिलंय ना, पोरगी हुशार आहे, समजेल. माझ्या वाटणीचं खरं बोलायचं काम मी तुझ्यावर ढकललं.

नोव्हेंबरात पुन्हा धीर केला आणि पुन्हा "सहज" म्हणून मोकळा झालो. तू झोपा म्हणालीस. मीही झोपलो, दुपारी, दोन-दोन तास.

चौकशीला माझं पत्र दाखव. हेही दाखव.

मामा


२ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुमचं पत्र आल्यावर मला आधी बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. साहेब म्हणताहेत, "झालं तर मग. जुन्या नकाशातली चूक. मोजणारा निवृत्त आहे, त्याचं आता कोण काय वाकडं करणार? आपण सगळे सुटलो." चौकशीचा मसुदाही त्याच वळणाने चाललाय. मला फक्त गप्प बसायचंय.

पण मी तुम्हाला लिहिलं होतं ना, जमीन तपासायची भोकं पाडली, उरकलंय? दोन नीट झाली. तिसरं अगदी रेघेलगतचं. अकरा मीटर खाली गेलं तरी खडक नाही, नुसत्या विटा आणि चिंध्या वर येत होत्या, आणि मग यंत्र अडकलं. ठेकेदाराने यंत्र पूर्वेला पन्नास मीटर सरकवलं. तिथे चार मीटरवर खडक लागला. त्याने कागदावर जुनीच जागा ठेवली आणि माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "मॅडम, एवढ्याने काय होतंय?" पुढे पायाचं गणित त्याच कागदावर झालं.

मी त्या दिवशी तिथे उभी होते, मामा. चिंध्या मी डोळ्यांनी पाहिल्या. एक निळं कापड होतं, मातीने माखलेलं. मी सही केली, कारण तोवर तुमचं पत्र येऊन पडलं होतं. मनात म्हटलं, प्रत्यक्ष मोजणारा माणूस सांगतोय, एखाद्या भोकात कचरा लागला म्हणून काय बिघडलं? साहेब रोज विचारत होते. नऊ वर्षं थांबलेले लोक आठवड्यातून दोनदा येऊन बाकावर बसत होते. मला पिवळा भरायचा होता. तुम्हाला मी प्रश्न विचारला खरा, पण मला उत्तर नको होतं. मला पाठीशी कुणाचा तरी शब्द हवा होता.

तुम्ही तुटक रेघ तरी ओढली होतीत. मी सगळं माहीत असून "जास्त" लिहिलं.

एकोणीस तारखेला सुनावणी आहे. मी सांगणार आहे. तुम्ही येऊ नका. आठ तासांचा प्रवास आहे, तुम्हाला तिथलं काही ऐकू यायचं नाही, आणि चारचौघांत तुम्हाला कुणी बोललेलं मला बघवणार नाही.

खारू


२२ ऑगस्ट

मामा,

आलातच तुम्ही.

दारातून काठी टेकत आत येताना पाहिलं आणि मी बाकावरून अर्धी उठले. अध्यक्षांनी तुम्हाला तोच प्रश्न तीनदा विचारला, तिसऱ्यांदा तर ओरडून. लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "ऐकू आलं पहिल्यांदाच. उत्तर जुळवत होतो." आणि मग एका दमात सगळं. रेघ तुटक होती. ती सलग करायला मी सांगितलं. पोरीने कागदावर विचारलं होतं, मी कागदावर खोटं लिहिलं.

तुमच्यानंतर माझी पाळी आली. तुम्ही खाली मान घालून बसला होतात, त्यामुळे किती ऐकलंत ते माहीत नाही. मी तिसऱ्या भोकाचं सांगितलं. निळ्या कापडाचंही सांगितलं. ते का सांगितलं, कळत नाही. अध्यक्षांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. साहेबांना विचारलं, तिरक्या रेघांचा नकाशा तुम्ही पाहिला होता का? ते म्हणाले, आठवत नाही.

निकाल असा. ठेकेदाराला यापुढे काम नाही. साहेबांची बदली. माझी वेगळी चौकशी होईल, नोकरी बहुधा जाईल. तोवर मला जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलंय. तिसरी इमारत पाडणार. दुसरीपासून खाणीकडचा सगळा भाग पुन्हा तपासणार. तुमच्याबद्दल लिहिलंय, "निवृत्त मोजणीदाराने स्वतः होऊन माहिती दिली." दुसरं काही नाही. तुम्हाला कुणी शिक्षा केली नाही, आणि मला वाटतं तुम्ही तीच मागायला आला होतात.

सुनावणी संपल्यावर मी तुम्हाला सगळीकडे शोधलं. जिन्यात, कँटीनमध्ये, बसथांब्यावर. आईला फोन केला, तिला तुम्ही आल्याचंच माहीत नव्हतं. एवढा प्रवास करून आलात आणि मला न भेटता गेलात. माझ्यावर रागावला असाल तर तसं लिहा, पण कुठे गेला होतात ते कळवा.

खारू


३० ऑगस्ट

चि. खारू,

रागावलो नाही. तुझ्यासमोर उभं राहायचा धीर उरला नव्हता, एवढंच. तू बोललीस ते ऐकलं. त्या दिवशी मला सगळं ऐकू येत होतं.

मी रुग्णालयात गेलो होतो. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे.

पलंग खिडकीजवळचा आहे. पन्नाशीच्या असतील. मी दारातच सांगितलं मी कोण ते, म्हटलं निदान बसायच्या आधी कळू दे. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं, सुनावणीत सांगितलं त्याहून सावकाश. त्यांनी उशीखालून एक झबलं काढलं, हाताने शिवत होत्या, दोन टाके घातले, ठेवून दिलं.

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तिथे काय आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"आणि तसं तुम्ही लिहिलं असतं तर? माहीत नाही, असं? काय झालं असतं?"

मी म्हटलं, "जमीन नीट तपासली असती. इमारत थोडी पूर्वेला सरकवली असती. घरं उशिरा मिळाली असती."

"किती उशिरा?"

मला अंदाज करायचा नव्हता, खारू. आयुष्यात पुन्हा अंदाज करायचा नाही असं ठरवून आलो होतो. पण त्या थांबून राहिल्या होत्या.

"एक वर्ष," मी म्हटलं. "फार तर सव्वा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चिडल्या असत्या तर सोसलं असतं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"बस्स? एकच वर्ष? अहो, आम्ही नऊ वर्षं थांबलो होतो. आणखी एक थांबलो नसतो का? कुणी येऊन सांगायचं तरी, की बाई, अजून कळलेलं नाही, थांबा."

सगळ्यांना वाटत होतं की लोकांना रेघ हवी असते. तुझ्या साहेबांना वाटलं, तुला वाटलं, मलाही वाटलं. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं.

त्यांची सून डबा घेऊन आली. तिला बसायला जागा नव्हती. मी खुर्चीवरून उठलो.

मामा